कोलंबियाचं ग्रंथालय पाहायचं, तर खर्च किती?

न्यू जर्सीत मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळ्यापुरते राहायला गेलेले कितीतरी मराठी आईवडील न्यूयॉर्कला जातात, ते बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकले ते कोलंबिया विद्यापीठ डोळे भरून पाहायला. तिथली ग्रंथालयं पाहायला तिकीट नाही. तरीही पैसे आणि अख्खा दिवस वाया जाऊ शकतो, कारण २०२४पासून विद्यापीठाच्या फाटकावर ओळखपत्र तपासतात आणि नाव आधी नोंदवलेलं नसेल तर बाहेरूनच परत पाठवतात.

म्हणून पहिलं काम फोनचं. कोलंबियात शिकणारं किंवा नोकरी करणारं कुणी ओळखीचं आहे का, ते मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर विचारा. त्यांनी पाहुणे म्हणून नाव आधी नोंदवलं की पासपोर्ट दाखवून आत जाता येतं. फाटकातून आत गेलं म्हणजे ग्रंथालयात प्रवेश मिळाला असं मात्र नाही; तिथल्या दाराचे नियम वेगळे असतात, तेही त्यांनाच आधी विचारायला सांगा. नियम बदलत राहतात. निघायच्या आदल्या दिवशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघा.

न्यूयॉर्कमधल्या प्रवासाचा खर्च किरकोळ आहे. पेन स्टेशनहून १ क्रमांकाची सबवे थेट ११६ व्या रस्त्यावर, विद्यापीठाच्या दारात सोडते. जानेवारी २०२६पासून माणशी भाडं ३ डॉलर; कार्ड किंवा फोन टेकवला की झालं. ‘आयव्ही लीग दर्शन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सहलींना पैसे देऊ नका. त्या पैशांत बंद फाटक उघडत नाही.

आत गेल्यावर कोणती इमारत पाहायची? बहुतेक जण बटलर ग्रंथालयासमोर फोटो काढतात. इमारत भव्य आहे, पण ती उघडली १९३४मध्ये. बाबासाहेब इथे होते १९१३ ते १९१६. त्यांच्या काळचं ग्रंथालय म्हणजे समोरची घुमटाची लो मेमोरियल लायब्ररी, १८९७ची. घुमटाखाली तेव्हा वाचनालय होतं; आज त्या इमारतीत प्रशासनाची कार्यालयं आहेत. वेळ कमी असेल तर बटलर सोडा, लोच्या पायऱ्यांवर थांबा. दरमहा साडेअकरा पौंडांच्या गायकवाड शिष्यवृत्तीवर हा विद्यार्थी इथे राहिला, आणि पोटाला चिमटा घेऊन त्याने न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून सुमारे २,००० पुस्तकं जमवली. खर्चाचा विचार करताना मला हा हिशेब सगळ्यात मोठा वाटतो. बाबासाहेबांचा अर्धपुतळा लेहमन ग्रंथालयात आहे, ११८ व्या रस्त्यावरच्या इंटरनॅशनल अफेअर्स इमारतीत.

पाहण्यापलीकडे अभ्यास करायचा असेल तर वाट वेगळी. बटलरच्या सहाव्या मजल्यावर दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखितांचा विभाग आहे. तिथे बाहेरच्या अभ्यासकांना आधी नोंदणी करून, हवं ते साहित्य मागवून बसता येतं, फी नाही. न्यूयॉर्कमध्ये राहत असाल आणि एखादं पुस्तक फक्त कोलंबियातच असेल, तर सार्वजनिक ग्रंथालयातून तेवढ्या पुस्तकापुरतं शिफारसपत्र मिळतं. तेही फुकट.

ओळखीचं कुणीच नाही? मग हट्ट न धरता प्रिन्स्टनला जा, न्यू जर्सीकरांना ते जवळही आहे. तिथल्या फायरस्टोन ग्रंथालयातलं मिलबर्ग दालन सर्वांना खुलं आणि मोफत आहे, आणि त्यात ग्रंथालयाच्या संग्रहातल्या जुन्या वस्तूंची प्रदर्शनं मांडतात. न्यू हेवनला गेलात तर येलचं बायनेकी ग्रंथालय पाहा, तिथलं गुटेनबर्ग बायबल पाहायलाही पैसे पडत नाहीत.

आता मराठी पुस्तकांचं. साठच्या दशकात भारताने अमेरिकेकडून घेतलेल्या धान्याचे पैसे रुपयांत चुकवले. त्यातल्या काही रुपयांतून १९६२पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवली. त्यामुळेच शिकागोच्या रीगनस्टाइन ग्रंथालयासारख्या ठिकाणी मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. तो वाचायला शिकागो गाठावंच लागतं असं नाही. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड काढा आणि दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवून द्याल का, असं काउंटरवर विचारा. ही सोय पुष्कळ ठिकाणी मोफत किंवा नाममात्र शुल्कात मिळते, आणि आपले लोक ती फारच कमी वापरतात.

वॉशिंग्टनला जाणार असाल तर पासपोर्ट सोबत ठेवा. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं वाचक-कार्ड १६ वर्षांवरील कुणालाही, परदेशी पाहुण्यालासुद्धा, विनामूल्य मिळतं, आणि आशियाई वाचनकक्षात बसून मराठी पुस्तक मागवता येतं. ते कार्ड काढल्याशिवाय परतू नका.