मार्ग मोकळा करणारा शिपाई
(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी धडा)

वाचावयाचा भाग : लूक, अध्याय ३, ओव्या १ ते १४, यशया, अध्याय ४०, ओव्या १ ते ५.

आमच्या वऱ्हाडातील पावसाळा ज्याने पाहिला आहे त्यास रस्त्याची किंमत निराळी सांगावयास नको. चांदूर बाजारास येणारी कितीएक खेडी अशी आहेत की, मृग बरसला म्हणजे त्यांच्या पांदणी काळ्या चिखलाने भरून जातात. बैलाचे पाय गुडघ्यापर्यंत रुततात, गाडीचे चाक तुंब्यापर्यंत बुडते, आणि अडलेल्या बाळंतिणीस दवाखान्यात न्यावयाचे झाले तर चार माणसांस बाजेवर घालून न्यावे लागते. अशा वेळी जो कोणी पुढे होऊन मुरूम टाकतो व पांदण मोकळी करतो, त्याचे नाव मागाहून जाणाऱ्यांस ठाऊकही नसते. परंतु जीव वाचतो तो त्याच्याच श्रमाने. आज आम्ही अशाच एका मार्ग करणाऱ्या पुरुषाची हकीकत सांगणार आहो. तो लष्करातील अंमलदार होता. त्याचे नाव मेजर राम राघोबा राणे.

१. बालपण व नोकरीचा आरंभ

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. त्यांचे घराणे कारवारकडील चेंडिया गावचे. वडील पोलीस खात्यात साधे शिपाई होते. त्यांची बदली होई तेथे मुलाची शाळाही बदलत असे. १९३० सालच्या चळवळीचे वारे ह्या मुलासही लागले होते. पुढे १० जुलै १९४० रोजी तो मुंबई इंजिनियर्स पथकात भरती झाला. ह्या पथकाचे ठाणे पुण्याजवळ खडकी येथे आहे. ह्या पथकातील लोकांस सॅपर म्हणतात. पूल बांधणे, रस्ते करणे व शत्रूने पुरलेले सुरुंग काढणे, हे त्यांचे काम. त्यांच्या एका हातात बंदूक असली तरी दुसऱ्या हातात कुदळ असतेच.

दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशात आराकान प्रांती होते. तेथून सैन्य मागे हटत असता, बुथिडाँग येथील कामाची सामग्री शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिचा नाश करण्यास त्यांच्या तुकड्या मागे ठेविल्या होत्या. काम झाल्यावर जहाजाने त्यांस न्यावे, असा बेत होता, तो फसला. मग जपानी पहाऱ्याची नदी त्यांनी आपल्याच हिंमतीने ओलांडली व ते आपल्या सैन्यास जाऊन मिळाले. शिपायाचे नाईक, नाईकाचे हवालदार असे एकेक पायरी चढत १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले. येथे आमच्या तरुण बंधूंनी लक्ष द्यावे : साडेसात वर्षे खालच्या पायरीवरचे काम त्यांनी मन लावून केले, त्यानंतर हा हुद्दा त्यांस मिळाला.

२. नौशेरा ते राजौरी

१९४७ सालच्या शेवटी जम्मू प्रांतातील राजौरी गाव हल्लेखोरांच्या हाती पडले व तेथील रहिवाशांचे अनन्वित हाल झाले. ते सोडविण्यासाठी एप्रिल १९४८ मध्ये आपले सैन्य नौशेऱ्याहून निघाले. वाट डोंगराची व अरुंद. शत्रूने तिच्यात सुरुंग पुरले होते, मोऱ्या उडवून दिल्या होत्या व झाडे आडवी पाडली होती. रणगाड्यांस बाजूने जाण्यास जागा नव्हती. आणि रणगाड्यांवाचून पायदळाचा निभाव लागणे कठीण. म्हणजे राजौरीतील हजारो जीव ह्या एका रस्त्यावर अवलंबून होते, आणि रस्ता मोकळा करणे हे राणे व त्यांच्या सॅपरांचे काम होते.

८ एप्रिल रोजी नौशेऱ्यापासून सुमारे ११ किलोमीटरवर, बरवाली टेकडीपाशी ते कामास लागले. इतक्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन सॅपर जागीच मरण पावले व पाच जण जखमी झाले; त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी जखम बांधली आणि पुन्हा कामास हात घातला. संध्याकाळपर्यंत सुरुंग निघाले. रात्री दिवा लावण्याची सोय नव्हती, कारण शत्रू समोरच होता. तरी अंधारात चाचपडत त्यांनी रणगाड्यांस पुढे जाण्याजोगी वाट करून दिली.

सुरुंग कसा काढतात हे आमच्या वाचकांस ठाऊक नसेल. पालथे पडून, संगिनीचे टोक जमिनीत तिरपे व हलके टोचीत जावयाचे. कठीण लागले की थांबावयाचे. बोटांनी माती दूर करावयाची, आणि स्फोट करणारा भाग निराळा करावयाचा. उतावळेपणाने एक बोट चुकले तर माणूस उरत नाही. असे हे काम, तेही गोळ्यांच्या वर्षावात, राणे यांनी एकामागून एक चार दिवस केले. एके ठिकाणी तर ते पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, त्याच्या चाकांबरोबर सरपटत चालले, आणि दोऱ्या ओढून चालकास खुणा देत राहिले, असे त्यांच्याविषयी सांगतात.

९ तारखेस दिवसभर तेच चालले. जेथे मूळ रस्ता दुरुस्त होण्यासारखा नव्हता तेथे त्यांनी हट्ट धरला नाही. डोंगराच्या कडेने नवी वाट खोदली. १० तारखेस चिडाचे मोठमोठे वृक्ष आडवे आले, त्यांच्याभोवती सुरुंग व वरून मशीनगनचा मारा. तेही त्यांनी उडवून दूर केले. त्या संध्याकाळी सैन्य मोगली सराईच्या चिंगस गावी पोहोचले. ११ तारखेस चिंगसच्या पुढे त्यांनी सतरा तास काम केले. १२ एप्रिल रोजी राजौरी सुटले व तेथे उरलेल्या पुष्कळ लोकांचे प्राण वाचले.

३. सन्मानानंतरचे दिवस

ह्या कामाबद्दल राणे यांस परमवीर चक्र देण्यात आले. आपल्या देशात शौर्याचा याहून मोठा सन्मान नाही. १९९९ सालच्या कारगील युद्धापर्यंत तो एकवीस जणांसच मिळाला, आणि त्यांपैकी चौदा जणांस मरणोत्तर. ह्या पदकाची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी काढिली. त्या जन्माने युरोपियन व एका मराठी लष्करी अंमलदाराच्या पत्नी होत्या.

परंतु आमच्या मते ह्या धड्याचा खरा भाग येथून पुढे आहे. चार दिवसांच्या पराक्रमानंतर राणे यांनी आणखी जवळजवळ वीस वर्षे आपल्या पथकात नेमाने नोकरी केली. २५ जानेवारी १९६८ रोजी ते मेजर ह्या हुद्द्यावर पेन्शनीत आले. पुढे १९७१ सालापर्यंत पुन्हा लष्कराच्याच कामास लागले. नंतरचे आयुष्य त्यांनी शांतपणे काढिले व ११ जुलै १९९४ रोजी पुणे येथे ते वारले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले. तरी मोठा मान मिळाल्यावर सकाळी उठून नेहमीच्या कामावर जाणे, हे सुरुंगाहून काही कमी अवघड नव्हे.

४. शास्त्राचा प्रकाश

काही बंधू विचारतील : शांतीच्या राजाचे शिष्य म्हणविणाऱ्यांनी शिपायाची गोष्ट देवळात का सांगावी? हा प्रश्न रास्त आहे. युद्ध हे मनुष्याच्या पापाचे फळ आहे, आणि राजौरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी आयांचे पुत्र पडले. ह्या धड्याने कोणाच्या मनात शत्रुत्व वाढू नये.

तथापि लूकच्या तिसऱ्या अध्यायाकडे पाहा. ज्या अध्यायात योहान प्रभूचा मार्ग तयार करावयास सांगतो, त्याच अध्यायात शिपाई त्याजकडे येऊन विचारतात की, आम्ही काय करावे? योहान त्यांस नोकरी सोडा असे म्हणत नाही. तो तीन गोष्टी सांगतो : कोणास धाक घालून लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात तृप्त असा. म्हणजे ज्याच्या हाती बळ आहे त्याने ते बळ दुबळ्यांविरुद्ध वापरू नये. हा उपदेश केवळ शिपायांस नाही. पोलीस, पाटील, पंच, सावकार, आणि मंडळीचा कारभार ज्यांच्या हाती आहे ते आम्ही उपदेशकही, ह्या सर्वांस तो लागू आहे.

आमच्या खेड्यांच्या वाटांतही सुरुंग पुरलेले आहेत. भाऊबंदकीचा वाद, बांधावरचे भांडण, जुन्या जातीचा अभिमान जो बाप्तिस्म्यानंतरही मनात दडून राहतो, दारूचे कर्ज, एखाद्या विधवेविषयी उठविलेली खोटी वार्ता : हे वरून दिसत नाहीत, पण पाय पडला की घर उद्ध्वस्त होते. अशा ठिकाणी मोठ्याने उपदेश करून भागत नाही. खाली वाकावे लागते, हळू हात चालवावा लागतो. जुनी वाट बंद झाली असेल तर प्रेमाची नवी वाट खोदावी लागते; आणि ह्यात आपणांस जखम झाली तरी ती बांधून पुन्हा कामास लागावे लागते.

त्या दोन सॅपरांसही विसरू नका. त्यांच्या नावाने बेट नाही, पुतळा नाही. तरी राजौरीची वाट त्यांच्याही रक्ताने मोकळी झाली. आमच्या लहान मंडळ्यांत ज्यांचे नाव कोणी घेत नाही, जे कंदील पुसतात, सतरंजी घालतात व आजाऱ्याजवळ रात्र काढतात, त्यांचे स्मरण देवाजवळ आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. राणे यांच्या कामात धैर्य अधिक लागले की सबुरी? आपल्या कामात आपण कशात कमी पडतो?
२. योहानाने शिपायांस सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी कोणती आपल्या गावी अधिक मोडली जाते?
३. आपल्या मंडळीत कोणता सुरुंग फार दिवस पुरलेला आहे? तो काढण्यास पुढे कोण होईल?
४. आपल्या गावी पेन्शनीत आलेला शिपाई, किंवा लढाईत पुत्र गमावलेली माता आहे काय? ह्या आठवड्यात त्यांची भेट कोण घेईल?

प्रार्थना : हे प्रभो, तू स्वतः आम्हांसाठी मार्ग झालास. आमच्या हातांस सबुरी दे व मनास धैर्य दे. दुसऱ्यांची वाट मोकळी करताना आमचे नाव मागे राहिले तरी आम्हांस खेद न वाटो. जेथे आज युद्ध चालले आहे तेथे शांती दे. आमेन.