ग्रहण एक, आकाशं वेगळी



आजचं वाचन : श्रीमद्‌भगवद्‌गीता, अध्याय १५, श्लोक १२
भाव : सूर्यातलं, चंद्रातलं आणि अग्नीतलं तेज हे सगळं माझंच आहे, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

हा श्लोक वाचला की एक प्रश्न हमखास पडतो. चंद्रातलं तेज जर भगवंताचं, तर ग्रहणात ते जातं कुठे?

उत्तरासाठी ७ सप्टेंबर २०२५ची रात्र आठवूया. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस, भाद्रपद पौर्णिमा. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. चंद्र तब्बल ८२ मिनिटं पृथ्वीच्या गडद सावलीत पूर्ण बुडालेला होता.

सूर्यग्रहणाची सावली पृथ्वीवर गावोगाव सरकत जाते. चंद्रग्रहणाचं तसं नाही. सावली थेट चंद्रावरच पडते, त्यामुळे ज्यांच्या आकाशात चंद्र आहे त्या सगळ्यांना ते एकाच क्षणी दिसतं. घड्याळं तेवढी वेगळी.

पुण्या-मुंबईत रात्री ११ ते १२.२२ या वेळात चंद्र तांबूस होता. तेव्हा दुबईत साडेनऊ वाजून गेले होते, नैरोबीत साडेआठ. सिडनीत ८ तारखेची पहाट व्हायची होती, साडेतीन ते पाच. लंडनमध्ये तर चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. आणि न्यूयॉर्कमध्ये? तिथे दुपारचे दीड-दोन. डोक्यावर ऊन, चंद्र क्षितिजाखाली. त्यांच्या आकाशात ग्रहण नव्हतंच.

१. आपली दुपार, दुसऱ्याची रात्र

जरा इथे थांबूया. न्यूयॉर्कमधला भाऊ म्हणाला असता, "कसलं ग्रहण? इथे तर लख्ख ऊन आहे!" तर तो खोटं बोलत नव्हता. पण पुण्यातली बहीणही खोटं बोलत नव्हती.

आपण रोज हेच करतो. मैत्रीण फोनवर सांगते, "सगळं अंधारल्यासारखं वाटतंय गं." आणि आपण पटकन म्हणतो, "अगं काही नाही होत, पॉझिटिव्ह राहा." आपल्याकडे दुपार असते ना! पण आपल्याकडे ऊन आहे म्हणून तिची रात्र खोटी ठरत नाही. अशा वेळी उपदेश नको. "सांग, मी ऐकतोय," एवढं पुरे. आणि तिची रात्र फारच लांबली, तर डॉक्टरांकडे सोबत जाणं हीसुद्धा सेवाच.

पाळी प्रत्येकाची येते. त्याच वर्षी १४ मार्चला आपण भरदुपारी धुळवड खेळत होतो, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पहाटे अडीच-तीनला चंद्र लाल झाला होता. आपल्याला पत्ताही नव्हता.

२. सावलीतही तेज उरतं

पूर्ण सावलीत गेलेला चंद्र काळा का नाही होत? पृथ्वीभोवतीच्या हवेतून सूर्यप्रकाश वाकून आत शिरतो. निळा रंग वाटेत विखुरतो, लाल पुढे जातो. म्हणजे त्या घडीला पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्योदय-सूर्यास्त चालू असतात, त्यांचीच लाली चंद्रावर पडते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सूर्याचं तेज तसूभरही कमी झालेलं नसतं. मध्ये पृथ्वी आलेली असते, इतकंच. आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्येच सांगून ठेवलंय की चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली. कृपाही अशीच झाकली जाते, संपत नाही.

३. मोक्ष

पंचांगात ग्रहण सुटण्याला किती सुंदर शब्द आहे बघा : मोक्ष. त्या रात्री आपल्याकडे तो १ वाजून २६ मिनिटांनी झाला. चंद्राने त्यासाठी वेगळं काय केलं? काहीच नाही. तो आपल्या वाटेने चालत राहिला. आपलं नामस्मरणही तसंच असावं. मन लागो न लागो, माळ थांबवायची नाही.

घरातलं सूतक

बरेच जण विचारतात, घरात सूतक पाळतात, आम्ही काय करायचं? आजी जप करत असेल तर शेजारी बसा. वाद घालायची ती वेळ नव्हे. मात्र गरोदर वहिनीला किंवा मधुमेह असलेल्या बाबांना कुणी अन्नपाण्यावाचून ठेवत असेल, तर प्रेमाने पण ठामपणे बोला. उपास झेपेल त्याने, स्वखुशीने करायचा. भीतीपोटी उपाशी ठेवणं ही भक्ती नाही. आणि हो, चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तरी काही अपाय होत नाही. चष्म्याची काळजी सूर्यग्रहणात घ्यायची.

आजचा अभ्यास

• श्लोक तीनदा, अर्थ समजून वाचा.
• सध्या कुणाची 'रात्र' चालू आहे? त्या एका माणसाला आज फोन करा. मेसेज नको, फोनच.
• स्वतःच सावलीत असाल, तर कुणाला तरी तसं सांगा. लपवू नका.

प्रार्थना

पांडुरंगा, माझ्याकडे ऊन असेल तेव्हा दुसऱ्याचा अंधार खरा मानायची बुद्धी दे. माझ्याकडे अंधार असेल तेव्हा तुझं तेज आहेच, हा विश्वास दे. आणि दोन्ही वेळी मला चालतं ठेव.

राम कृष्ण हरी! 🌕