गौरीपूजनाच्या संध्याकाळी चंद्राचा फोटो

गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिला तर चोरीचा आळ येतो, ही स्यमंतक मण्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. घरातल्या आजीचा मान राखून त्या रात्री दुर्बीण खोक्यातच राहू द्या. त्यानंतर तीन-चार दिवसांनी येणारी गौरीपूजनाची संध्याकाळ मात्र चुकवू नका. आपल्या वेरिबीहून चंद्राचा फोटो काढायला वर्षभरात जे उत्तम दिवस मिळतात, त्यांत तो एक आहे. याचे कारण पंचांगातच सापडते.

गौरी नक्षत्रावर येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. म्हणजे पूजनाच्या सुमारास चंद्र ज्येष्ठा नक्षत्रापाशी असतो. वृश्चिक राशीतला ठळक तांबूस तारा, ज्याला इथे अँटारेस म्हणतात, तीच आपली ज्येष्ठा. भाद्रपदात सूर्य तिच्यापासून आकाशात साधारण ९० अंश दूर असतो, म्हणून गौरींचा चंद्र अष्टमीच्या आसपासचा, अर्धा उजळलेला असतो. शिवाय ज्येष्ठा आकाशाच्या दक्षिण भागात आहे. त्यामुळे पुण्याहून दक्षिणेला सुमारे ५० अंश उंचीवर दिसणारा हा चंद्र, ३८ अंश दक्षिण अक्षांशावरच्या वेरिबीत सूर्यास्ताच्या वेळी जवळजवळ डोक्यावर येतो. चंद्र जितका वर, तितका मधला हवेचा थर कमी आणि चित्र अधिक स्थिर.

अर्धा चंद्रच का? पौर्णिमेला प्रकाश समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट ताटासारखा दिसतो. मानेच्या शिरेचे किंवा पोटाचे बारीक स्पंदन पाहायचे तर उजेड तिरपा घ्या, हे आम्हाला मेडिकल कॉलेजात शिकवले होते. चंद्रालाही तोच नियम लागू आहे. अष्टमीला उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात. सुमारे १५० किलोमीटर रुंदीचे टॉलेमीयस विवर आणि ॲपेनाइन पर्वतरांग छोट्या दुर्बिणीतूनही ओळखता येतात.

यासाठी फार खर्च नको. ११४ किंवा १३० मिलिमीटर आरशाची साधी दुर्बीण आणि खिशातला मोबाईल पुरतो. कृती अशी :

१. सूर्य पूर्ण मावळल्यावरच दुर्बीण बाहेर काढा. अष्टमीचा चंद्र दुपारपासूनच आकाशात असतो, आणि त्याला शोधताना दुर्बीण चुकून सूर्याकडे वळू शकते. डोळ्याच्या पडद्याला वेदना जाणवत नाही. तो जळतो तेव्हा कळत नाही आणि पुन्हा भरून येत नाही. चंद्रप्रकाशाने मात्र डोळ्यांना इजा होत नाही.

२. आधी २५ मिलिमीटरची आयपीस लावा. दुर्बिणीचे नाभीय अंतर ६५० मिलिमीटर असेल तर २६ पट मोठा, अख्खा चंद्र दिसेल. विवरांसाठी नंतर १० मिलिमीटरची लावा.

३. डोळ्याने फोकस नीट करा. मोबाईल आयपीसवर बसवण्याची पकड स्वस्तात मिळते, ती वापरा. हाताने धरलेला मोबाईल हलतोच.

४. पडद्यावर चंद्राला बोट लावून उजळपणा कमी करा. अंधार पाहून मोबाईल जास्त प्रकाश घेतो आणि चंद्राचा पांढरा डाग होतो. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड, हे लक्षात ठेवा.

५. बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा.

एवढ्यावर समाधान झाले नाही तर मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. हवेच्या थरथरीमुळे काही चित्रे पुसट येतात, काही लख्ख. ऑटोस्टॅकर्टसारखे मोफत सॉफ्टवेअर त्यांतली चांगली निवडून एकावर एक रचते. रक्तदाबाच्या एकाच मापावरून आम्ही डॉक्टर निदान करत नाही, तसेच हे. पुण्याच्या प्रथमेश जाजूने मे २०२१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ५० हजारांहून अधिक चित्रे अशी जोडून चंद्राचा रंगीत फोटो तयार केला. ही विद्या तो बरीचशी लेख वाचून आणि यूट्यूब पाहून शिकला होता.

आपल्या मेलबर्नलाही या छंदाचा वारसा आहे. १८६९ साली इथल्या वेधशाळेत ४८ इंच आरशाची 'ग्रेट मेलबर्न टेलिस्कोप' उभी राहिली आणि १८७० च्या दशकात तिच्यातून काचेच्या प्लेटवर चंद्राचे फोटो घेतले गेले.

एक गंमत मुलांना जरूर दाखवा. गौरींच्या दिवशी भारतात चंद्राची उजवी बाजू उजळलेली दिसते, इथे उत्तरेकडे तोंड करून पाहिले तर डावी. चंद्रावरचा ससाही इथे उलटा. चंद्राचा दक्षिण ध्रुव इथे वरच्या बाजूला येतो. त्याच भागात २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले. यान आपल्या दुर्बिणीतून दिसणार नाही, पण जागा बोटाने दाखवता येईल. आजी-आजोबांना पाठवताना फोटो १८० अंश फिरवा, म्हणजे त्यांना त्यांच्या अंगणातला चंद्र ओळखू येईल. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की पृथ्वी गोल असल्याचे नातवंडांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

मेलबर्नचे ढग कोणाचे ऐकत नाहीत, पण गौरी तीन दिवस असतात. एखादी संध्याकाळ तरी मोकळी मिळेल. आपल्या मुलांना पंचांग म्हणजे बारीक अक्षरांचे, न कळणारे पुस्तक वाटते. आरती आटोपल्यावर त्यांना अंगणात न्या, चंद्राजवळची तांबूस ज्येष्ठा दाखवा आणि पहिला फोटो त्यांनाच काढू द्या. आज गौरीपूजन का, याचे उत्तर त्या फोटोतच असेल. पुढच्या उत्सवात मुलांचे असे फोटो सभागृहात लागले, तर त्याहून छान सजावट कोणती?