ऑपरेटिंग सिस्टीमची निवड आणि ‘दऱ्या’ची परीक्षा

माझ्या प्रबंधाची जुनी फाइल उघडली की आज पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडपूर्व फाँटात टंकलेली. फाँट गेला, त्याबरोबर मजकूरही. म्हणून विंडोज घ्यावी की लिनक्स, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना आधी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द युनिकोडमध्ये टंकायला सांगतो, आणि ती फाइल दुसऱ्या प्रणालीत उघडायला लावतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ: ऱ, हलन्त, य. हा कळफलक १९९१च्या भारतीय मानकात आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मिळतो. बोटांची सवय एका कंपनीची मिंधी राहत नाही.

विंडोज १०चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. धडधाकट संगणक मोडीत काढण्याआधी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. त्यासाठी आतले काही पुसावे लागत नाही. डाव्या कोपऱ्यातला मेनू विंडोजवाल्यांना परका वाटत नाही. मात्र तुमचा मुद्रक अजून जुन्या फाँटातच मजकूर मागत असेल, तर विंडोज सोडण्याची घाई नको.