वर्षाची बेगमी आणि महिन्याचे अंदाजपत्रक

होळी झाली की नवा गहू बाजारात येऊ लागतो. तूरडाळ, हळद, लाल मिरची व चिंच यांचीही आवक याच सुमारास असते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात धान्य वाळवून कणग्या-कोठ्या भरण्याची रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सुगीत माल स्वस्त मिळतो आणि पावसाळ्याची चिंता राहत नाही, हा त्यामागील व्यवहार. तो आजही चुकीचा नाही. परंतु एप्रिल-मेमध्ये हातची सारी रोकड बेगमीत अडकली, तर जूनमध्ये बी-बियाणे, खते आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी उसनवारी करावी लागते. कोठी भरलेली आणि हात रिकामा, अशी ही अवस्था होय. नोकरदार कुटुंबातही एका महिन्याच्या पगारातून वर्षाचा माल भरला की हीच ओढाताण होते.

स्वस्ताईचा खरा हिशेब

समजा, एका कुटुंबास वर्षाला २४० किलो गहू लागतो. सुगीतील भाव किलोला ३० रुपये आणि दरमहा खरेदी केल्यास वर्षाची सरासरी ३४ रुपये पडते, असे धरू. एकदम खरेदीस ७,२०० रुपये लागतील व ९६० रुपये वाचतील. आता हे ७,२०० रुपये दरमहा शेकडा दोन व्याजाने काढले आणि दरमहा ६०० रुपये मुद्दल फेडले, तर वर्षाअखेर व्याज ९३६ रुपये होते. बचत उरली अवघी २४ रुपये! त्यात पाच किलो गहू किडीने खाल्ला, तर १५० रुपये गेले. म्हणजे व्यवहार तोट्यातच. तीच खरेदी शिलकीतून केली असती, तर किडीचे नुकसान वजा जाताही ८१० रुपये घरात राहिले असते. तात्पर्य, बेगमी शिलकीतून करावी, कर्जातून नव्हे.

बेगमीचा हप्ता

शिलक आपोआप पडत नाही. वर्षभराच्या बेगमीचा अंदाजित खर्च बाराने भागावा आणि येणारी रक्कम घरभाडे किंवा वीजबिल यांप्रमाणेच दरमहा प्रथम बाजूला काढावी. बँकेतील बारा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते अथवा बचत गट यासाठी सोयीचा आहे. पहिल्या वर्षी पुरेशी रक्कम जमली नसेल, तर तीन किंवा चार महिन्यांपुरताच माल घ्यावा. जूनचा शेतीखर्च व शाळाखर्च आधी वेगळा काढून उरेल तेवढ्यातच कोठी भरावी.

शिधापत्रिकेवर मिळणारे धान्यही हिशेबात धरावे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. पाच माणसांच्या घरात ते २५ किलो होते. तेवढे गरजेतून वजा न करता केलेली खरेदी अनाठायी ठरते.

काय साठवावे, काय टाळावे

गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी, हळद व चिंच नीट ठेवल्यास टिकतात. उन्हाळी कांदा काही महिने टिकतो. खरीप कांदा टिकत नाही. पीठ, रवा, शेंगदाणे आणि फोडलेला तेलाचा डबा फार दिवस ठेवू नये. ‘एकावर एक मोफत’ अशी पाटी दिसताच तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू घरात नेहमी लागते काय? मुदतीच्या आत संपेल काय? वजनाच्या मानाने ती खरोखर स्वस्त आहे काय? पाकिटावरील निव्वळ वजन आणि किंमत वाचल्याशिवाय तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

साठवण

धान्य दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवावे. ओलावा सुमारे दहा-बारा टक्क्यांहून अधिक नसावा. उन्हातून आणलेले धान्य निवल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून दूर रचावीत. जुना माल आधी वापरावा. राहत्या घरात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कदापि ठेवू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून विषारी वायू निघतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांच्या प्राणावर बेतते. धान्य वाचवताना माणूस गमावण्याची वेळ येऊ नये.

शिक्षकांनी वरील हिशेब वर्गात गणिताचे उदाहरण म्हणून सोडवून घ्यावा. मुले तो घरी नेतील. पंचायत सदस्यांनी होळीपूर्वीच्या ग्रामसभेत किंवा महिला सभेत हा विषय मांडावा. बचत गटांनी एकत्र खरेदी केल्यास घाऊक भावाचा लाभ लहान कुटुंबांनाही मिळू शकेल. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. कोठी भरतानाही ती ध्यानी ठेवली, तर सुगीची स्वस्ताई वर्षभर घरात टिकेल.