माळवदाखालचा गारवा

(बालाघाटाच्या कुशीतलं बीड जिल्ह्यातलं एक गाव. जुन्या घराच्या ओसरीवर नात आणि तिचे गवंडीकाम केलेले आबा.)

नात: आबा, पत्र्याच्या खोलीत दुपारी थांबवत नाही. इथं मात्र पंख्याशिवाय झोप लागते. असं कसं?

आबा: डोक्यावर माळवद आहे, पोरी. खांबांवर तुळया, त्यावर लाकडाच्या किलचा, त्यावर पाला आणि वर जाड मातीचा थर. ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत दिवस मावळतो. भिंतीही दगडमातीच्या, दोन-अडीच फूट रुंद. आपला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, म्हणून घर असं बांधायचे.

नात: मातीचं सपाट छत पावसात गळत नाही?

आबा: कोकणात ते टिकलंच नसतं, म्हणून तिथं उतरती कौलं. आयर्लंडच्या जुन्या खेड्यांतही भिंती अशाच जाड दगडी, पण पाऊस बारमाही. म्हणून वर गवताचं उतरतं छप्पर. बीडला वर्षाचा पाऊस सरासरी 650 मिलिमीटरच्या आसपास. मृगाआधी पांढरीची चिकट माती आणून माळवदावर पसरायची, चोपायची, पन्हळं मोकळी करायची. एखादं साल चुकलं की घरात भांडी मांडायची पाळी!

नात: आणि छतातलं हे भोक?

आबा: सवणं. त्यातून उजेड आत, चुलीचा धूर बाहेर. पण सगळा धूर कुठला जायला? खिडक्या फारशा नसायच्या, तुझ्या आजीनं डोळे चोळतच स्वयंपाक केला. ते सुख नव्हतं. धान्य साठवायचं बळद मात्र नामी. वरून धान्य ओतायचं, खालच्या तोंडातून लागेल तेवढं काढायचं.

नात: मग लोकांनी माळवदं का उतरवली?

आबा: किल्लारीच्या भूकंपामुळं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं झोपेतच दगडमातीखाली गेली. त्यानंतर आपल्याकडंही लोक माळवदाखाली झोपायला भ्यायले. ती भीती खरीच होती. भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर जोडणारे आरपार दगड नव्हते, सांधा नुसत्या चिखलाचा. त्यात जुनी माती न काढता दरसाल नवी टाकलेली, छताचं ओझं वाढतच गेलेलं.

नात: मग आपलं घर पाडायचं?

आबा: नाही. जादा माती उतरवायची, भिंतीचे पदर आरपार सांधून घ्यायचे, खांब-तुळयांना तिरके आधार द्यायचे. भूकंपानंतर इंजिनिअरांनीही हेच सांगितलं होतं. तुझ्या मैत्रिणींच्या घरी सांग, पत्रे आणण्याआधी एकदा जाणत्या इंजिनिअरला भिंती दाखवा, मगच माळवदाला हात लावा.