समोरच्याने सगळं लावलं, आता तुम्ही काय कराल?

व्हिडिओत पोकरचं उदाहरण घाईत सांगितलं, ते इथे आकड्यांसकट मांडतो. आधीच स्पष्ट करतो, पैसे लावून खेळा असं मी सांगत नाहीये. पैशांचे ऑनलाइन खेळ तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदच केलेत. आपल्याला त्यातला हिशोब हवाय.

पोकर स्पर्धेत प्रत्येकाला ठरावीक चिप्स मिळतात. संपल्या की तुम्ही बाहेर. समजा मधे आधीच ३,००० चिप्स पडल्यात. समोरचा आपल्या उरलेल्या ६,००० लावतो, म्हणजे ऑल-इन. कॉल करायचा तर तुम्हीही ६,००० टाकायच्या, एकूण ढीग १५,०००. सहा भागिले पंधरा, म्हणजे ४० टक्के. जिंकायची शक्यता त्याहून कमी वाटली तर पानं टाकून द्या.

पण शक्यता काढायची कशी? बहुतेक जण फक्त स्वतःची पानं बघतात. तुमच्याकडे सत्त्यांची जोडी आहे. त्याच्याकडे एक्का-राजा असेल तर तुमची शक्यता साधारण ५५ टक्के. त्याच्याकडे गुलामांची जोडी असेल तर जेमतेम २०. म्हणून माणूस बघा. हा दर दुसऱ्या डावाला सगळं लावतो, की तासाभरात पहिल्यांदाच? शिवाय लावणारा दोन प्रकारे जिंकतो: तुम्ही घाबरून पानं टाकलीत तरी, आणि पानं चांगली निघाली तरी. कॉल करणाऱ्याला एकच रस्ता.

स्पर्धेत अजून एक गोष्ट आहे. समजा ११ जण उरलेत, पहिल्या दहांना सारखंच बक्षीस, आणि तुमच्याकडे भरपूर चिप्स आहेत. तेवढ्याच चिप्सवाला ऑल-इन करतो. अशा वेळी हातात दोन एक्के असले तरी टाकावेत! जिंकून दुसरं बक्षीस मिळत नाही, हरलात तर आहे तेही जातं.

आता जव्हारकडे या. वावरसारख्या गावातलं मोगरा लावणारं घर धरा, फूल दादरच्या बाजारात जातं. ओळखीचा व्यापारी म्हणतो, "लग्नसराईचा माल एकत्र उचलू. तुम्ही ६०,००० घाला, जमलं तर दीड लाख हातात." पुन्हा तेच ४० टक्के! निम्मी शक्यता धरली तरी कागदावर सौदा चांगला.

पण ते ६०,००० पावसाळ्याच्या बियाण्या-खताचे असतील, आणि बुडाले तर दिवाळीनंतर वीटभट्टीवाल्याची उचल घ्यावी लागणार असेल, तर ४० काय, ६० टक्क्यांनाही मी नाही म्हणेन. तीच रक्कम बाजूला पडलेली असेल तर विचार करेन.

एक सोय मात्र धंद्यात आहे, पोकरमध्ये नाही. आपल्याकडे जास्त असूनही मुद्दाम पाव कॉल तिथे करता येत नाही, इथे येतो. "१५,००० घालतो" म्हणा. त्याच हिशोबाने जमलं तर ३७,५०० मिळायला हवेत. त्यावर तो "सगळे द्या, नाहीतर राहू द्या" म्हणाला, तर एवढी घाई कशाची ते तिथेच विचारा.

तुमच्या पुढच्या सौद्याचा आकडा वहीत काढून ठेवा. पुढच्या व्हिडिओत उधारीचा हिशोब घेऊ.